उचललेला नांगर

तापल्या लोखंडाचा वास आला की मला डोळखांबकडचा आमचा पाडा आठवतो. माझा भाऊ तेव्हा बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. पेरणीच्या आधी एकदा त्याचा फोन आला. पाड्यात रेंज फक्त आंब्याखाली, म्हणून बाबा तिथे फोन कानाला दाबून उभे होते. "बाबा, उद्या नांगर उचलतो," एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला. बाबा मला ओरडून म्हणाले, "पोर शेतीला येतोय गो! नांगर उचलतो बोलला!" बोटीलाही नांगर असतो, तो उचलला की बोट आणखी लांब जाते, हे भावानेच मला सांगितलं होतं. पण बाबांचा चेहरा बघून माझ्याच्याने बोलवेना. त्यांनी माळ्यावरचा नांगर काढला, शहापूरच्या लोहाराकडून नवा फाळ ठोकून आणला. बोट भर समुद्रात, भावाचा फोन लागेना. लावणी झाली, भात पोटरीवर आलं, तरी बाबा शेजाऱ्यांना सांगत, "येल तो. टाइम लागतो रे, समुद्र काय जवळ नाय." कापणीआधीच ते गेले. भाऊ आला तो दहाव्याला. पडवीतल्या नांगरावर हात फिरवत त्याने विचारलं, "नवा फाळ कुणासाठी गो?" मी फाळावरची धूळ हाताने पुसली. परवा शब्दकोश उघडला. शेतातला नांगर संस्कृतातून आला, बोटीचा फारसी 'लंगर'वरून. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, असं तिथे लिहिलंय.