रिकाम्या गाडीची पावती

धामणगाव रेल्वेच्या वजनकाट्यावर नत्थुजींनी एकतीस वर्षं काढली. कापसाची गाडी काट्यावर चढली की त्यांची आरोळी ठरलेली, "उतरा रे सगळे खाली!" माणसांचं वजन कापसात धरायचं नाही. कोणी पाच किलोची लबाडी केली तरी ते त्याला चारचौघांत फैलावर घेत. माणूस तिखट, पण त्यांची पावती कोणी पुन्हा तपासत नसे.

त्यांचे जावई मनोजराव हौशी. त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी केली. आत ओटा, पलंग, छतावर तीनशे लिटरची पाण्याची टाकी. लेक गीतांजली, नातवंडं धरून सहाजण मेळघाटात निघाले होते. सगळं धरून वजन साडेतीन हजार किलोच्या आत ठेवा, नाहीतर उतारावर ब्रेक दगा देतील, असं गाडी बांधणाऱ्याने बजावलं होतं. म्हणून सकाळीच गाडी सासऱ्यांच्या काट्यावर आली.

नत्थुजी सवयीने ओरडले, "उतरा रे सगळे खाली!" पोरांनी पिशव्यासुद्धा उतरवल्या. वजन भरलं तीन हजार तीनशे दहा. मनोजरावांनी पावती काचेवर चिकटवली आणि सगळे हसतखेळत निघाले.

दुपारी नत्थुजी डबा सोडून बसले. पाण्याचा तांब्या उचलला आणि हात तसाच राहिला. टाकी सकाळी रिकामी होती. नुसतं पाणीच तीनशे किलो. माणसं तीनशेच्या घरात. सिलिंडर, गाद्या, पीठ वेगळंच. हे आपल्याला सुचू नये? कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं त्यांना.

त्यांनी फोन लावला. "गीता, कुठी पोचले तुमी?"

"परतवाड्यात टाकी फुल भरली, बाबा. पार्बताआत्याले बी घेतलं संग. घाट चढलो, आता उतार लागला."

"गाडी थांबवा म्हण मनोजरावले! आत्ताच्या आत्ता! टाकी खाली करा, वजन लय झालं!"

मागून जावयाचं हसू ऐकू आलं. "मामाजी, काहून घाबरून राहिले? तुमची पावती हाये ना काचेवर!"

आणि रेंज गेली.

नत्थुजी पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले. तेवढ्यात कापसाची एक गाडी काट्यावर येऊन उभी राहिली, आणि कोणी न सांगताच सगळे खाली उतरले.