बदली स्वार तेओफिल

खाणीत छताचा दगड कोसळून तेओफिल मुसिओलचा डावा गुडघा चिरडला. पुढे तो जुळला, पण पुरा वाकेना. स्पीडवेच्या मोटारसायकल शर्यतीत नेमका हाच गुडघा लागतो. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर डावा पाय जमिनीला टेकवत गाडी आडवी घसरवायची असते. धड गुडघ्याचे स्वार आतल्या कडेने वळत. तेओफिल बाहेरून, कुंपणाला जवळजवळ घासून जाई. मैदानावर अंथरलेली भट्टीची भरड राख चाकांनी उडून तिथेच साठते आणि तिच्यात टायरला पकड मिळते. रिब्निकमध्ये, आपल्या खाणीच्या गावात, तो असाच जिंकायचा. पोलंडच्या संघातून मात्र तो घट्ट दाबलेल्या मैदानांवर दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा शेवटचा आला.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये स्वीडनचा संघ रिब्निकला आला. वॉर्सॉहून आलेले प्रशिक्षक झिमोनियाक त्याला म्हणाले, "आज जमलं तर स्वीडनला, गोथेनबर्गच्या सामन्याला नेईन. नाहीतर संघ विसर."

पाहुण्यांसाठी राख नवी अंथरून, रोलर फिरवून घट्ट केली होती. तेओफिलने सकाळी कुंपणालगत बूट घासून पाहिला. सुटा कणही निघेना.

"मास्तर, मला बदली स्वार म्हणून ठेवा."

"घरच्या मैदानावर? लोक मला खाणीत ढकलतील."

"लोकांचं मी बघतो."

बायकोचं बघणं जास्त अवघड होतं. "अख्खी गल्ली येतेय," त्रुदा म्हणाली. "आई नवी टोपी घालून येतेय. आणि तू काय, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलणार?"

"आधी बाहेर राख साठू दे."

"आणि कुणाची जागा रिकामीच झाली नाही तर?"

त्याने हेल्मेट उचललं आणि तो मैदानाकडे निघाला.

शर्यतीमागून शर्यत होत गेली. तेओफिल बाकावरच. "तेओ, उशी आणून देऊ का रे?" कोणीतरी ओरडलं. स्टँड हसला. त्याची नजर कुंपणावरून हलली नाही. तिथे काळी रेघ जाड होत चालली होती.

दुपार उतरताना पोलंडचा एक स्वार पडला आणि त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. उरलेल्या दोन शर्यती तेओफिलकडे आल्या. तोवर आतली कडा घासून गुळगुळीत झाली होती आणि स्वीडिश गाड्या तिच्यावरून निसटत होत्या. तेओफिल बाहेरच्या राखेत शिरला आणि एकेकाला मागे टाकत सुटला. दोन्ही शर्यती त्याच्या.

सामना पोलंड हरलाच. तरी झिमोनियाक त्याच्यापाशी आले. "गोथेनबर्गला तू पहिल्या शर्यतीत."

"नको. बदलीतच न्या."

"अरे, लोक तिथेही हसतील."

"हसू देत. स्वीडिश मला कुठे कळतं?"

झिमोनियाकनी त्याला बदलीतच नेलं. पुढची आठ वर्षं तो व्हिएन्नात, लंडनमध्ये, गोथेनबर्गमध्ये पोलंडसाठी धावला, बहुतेकदा शेवटच्या शर्यतींत. सामना रंगात आला, की प्रतिस्पर्धी पोलंडच्या बाकाकडे बघायला लागत.