तळणीचं तेल

शुक्रवार उजाडला की लॉरेटाच्या कपाळावर आठ्या चढायच्या. विस्कॉन्सिनात शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खाल्ला नाही तर जणू पाप लागतं, त्यामुळे ती वाढायला असलेल्या शेबॉयगनच्या खाणावळीत अख्खं गाव लोटायचं, आणि जो तो जेवणाआधी लॉरेटाचं डोकं खायचा. "मासा ताजा आहे ना?" नाही हो, शिळा आहे, खास तुमच्यासाठी राखून ठेवलाय! हे तिच्या अगदी ओठांवर यायचं. "सूप गरम असतं का?" "कोबीच्या कोशिंबिरीत कोबी असतो का?" आयुष्यभर ताटं वाहून तिला माणसांचा वीट आला होता.

त्या शुक्रवारी विटकॉपबाई नवऱ्याला घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"फ्राईज कुठल्या तेलात तळता? मला माशाची भयंकर ॲलर्जी आहे हं. तेल वेगळं हवं, नाहीतर इथेच मरेन!"

मरायला दुसरा वार नव्हता मिळाला? पण लॉरेटाने आत जाऊन सांगितलं. गॉर्डी आचाऱ्याने शिव्या देत छोटी कढई रिकामी केली, घासली, नवं तेल ओतलं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली. लॉरेटा फ्राईज घेऊन आली, तर बाई नवऱ्याच्या ताटातला मासा मटकावत होत्या.

"अगं, एवढ्याशा घासाने काय होतंय?" बोटं चाटत त्या हसल्या. "जुन्या तेलाचा वास येतो ना, म्हणून तसं सांगावं लागतं."

लॉरेटाला शिसारी आली. तिने आत सांगितलं तेव्हा गॉर्डीने झारा आपटला आणि त्या नव्या तेलातही मासे सोडले.

एवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर बायकोसोबत बसलेल्या वयस्क गृहस्थांनी हळूच विचारलं, "फ्राईजचं तेल वेगळं असतं का हो? आमच्या डोरीनला मासा चालत नाही."

"आणखी एक नाटकी!" लॉरेटाने आत जाऊन सांगताच गॉर्डी खेकसला. "हो म्हणून सांग. मी परत कढई घासणार नाही."

"हो हो, वेगळंच असतं," लॉरेटाने बाहेर येऊन गृहस्थांकडे न बघताच सांगितलं.

तिने फ्राईजचं ताट आणून ठेवलं. दोघांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी हात जोडले. त्याआधी डोरीनबाईंनी पिशवीतून ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन काढून काट्याशेजारी ठेवलं, आपण रुमाल ठेवतो तितक्या सहज. लॉरेटाच्या पायाखालची जमीन सरकली. प्रार्थना संपली, डोरीनबाईंनी एक फोड उचलली, आणि लॉरेटाने झडप घालून ती हिसकावली. ताट जमिनीवर पालथं झालं.

"पण तुम्ही तर वेगळं म्हणालात," गृहस्थ गोंधळून म्हणाले.

"खोटं बोलले."

डोरीनबाईंनी इंजेक्शन पिशवीत टाकलं. बायकोला कोट घालताना गृहस्थ म्हणाले, "आम्ही सहसा बाहेर जेवत नाही हो. आज लग्नाचा वाढदिवस होता. विचारण्यापलीकडे आमच्या हातात असतं तरी काय?"

दोघं गेली. मागून विटकॉपबाई ओरडल्या, "काय ही वागायची रीत! आणि माझं आईस्क्रीम कुठाय?"

लॉरेटा खाली बसून फ्राईज वेचू लागली. एक उचलून तिने नाकाशी धरली. माशाचा वास येत होता. तिला पुन्हा शिसारी आली, पण या खेपेला ती विटकॉपबाईंची नव्हती.