डब्यावर कोरलेलं नाव

आमच्याकडे वास्तुशास्त्राला सगळ्यात आधी हसणारी मीच. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बजावलं की दक्षिणेकडे तोंड असलेलं घर घेऊ नका, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, अहो आई, इथे घर मिळतंय हेच नशीब. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मला राग नाही...

जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये नऊ वर्षं भाड्याने राहिल्यावर आम्ही घर शोधत होतो. माझा नवरा समीर इंजिनिअर. मी सॉफ्टवेअर टेस्टर – खोट काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. शहराच्या कडेला, जंगलाला लागून एक घर जमलं. ट्राम सात मिनिटांवर, आमच्या इराची शाळा चालत जाण्याजोगी, मागे सफरचंदाचं झाड. गुरुवारी नोटारकडे, म्हणजे इथल्या नोंदणी वकिलाकडे, खरेदीच्या सह्या होत्या. त्याआधी मला शेजारपाजार कसा आहे ते बघायचं होतं.

मग मी खास आपल्याकडचा उद्योग केला. रविवारी दुपारी, न कळवता, बेसनाचे लाडू घेऊन शेजारची बेल वाजवली. जर्मनीत रविवारी असं कोणी कोणाच्या दारात जात नाही, हे नऊ वर्षांत मला कळायला हवं होतं. समीर आणि इरा रस्त्यापलीकडे थांबले होते.

सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. मी जर्मनमध्ये ओळख करून द्यायला लागले, तर त्यांनी माझा हातच हातात घेतला. म्हणाल्या, बरं झालं आलात, तुमचा डबा कधीचा राहिलाय. आत जाऊन त्यांनी स्टीलचा डबा आणला. आपल्याकडे असतो तसा, कडीचा. उघडला तर आत साखर.

"रिकामा परत करायचा नसतो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत."

मला वाटलं, आधी इथे कोणी भारतीय राहून गेले असतील, बाईंचा गोंधळ होतोय. मी हसून झाकण लावलं. त्यावर मशीनने ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत कोरलं होतं –

कै. समीर वसंत पेंडसे यांच्या स्मरणार्थ.

माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि समीर रस्त्यापलीकडून मला हात करत होता, चल म्हणून.

मी डबा बाईंच्या हातात कोंबला, हा आमचा नाही म्हणाले. त्या फार मायेने बघत होत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आता कशा आहात तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं. मी तशीच निघाले.

समीरला सांगितलं, शेजार बरा वाटला नाही, हे घर नको.

"एका म्हातारीवरून?" तो म्हणाला. "अगं, यादी तूच केलीस. सगळं टिक झालं होतं."

आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. खरं कारण त्याला आजही माहीत नाही. मी गुपचूप एजंटला फोन केला होता. घर बांधल्यापासून तिथे एकच जर्मन कुटुंब राहिलं, त्या गल्लीत भारतीय कोणी कधीच नव्हतं, असं तो म्हणाला.

आता आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतलाय. दोन वर्षं झाली. समीर ठणठणीत आहे, साधं बीपीसुद्धा नाही. तरी त्याला ऑफिसमधून यायला वीस मिनिटं उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. त्या दुपारचा अर्थ मला अजून लागलेला नाही. ती वस्ती टाळली म्हणजे ते टळलं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण त्या डब्यावर कुठलाही पत्ता कोरलेला नव्हता.