डबीवरच्या वहिनी

वहिनींच्या घरात मागच्या खोलीच्या खिडक्यांना कायम जाड पडदे. उजेड लागला की पपईचा अर्क काळवंडतो, असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं. त्या अंधारात वहिनी दिवसभर पपया सोलायच्या, गर फडक्यातून गाळायच्या आणि पांढऱ्या क्रीममध्ये घोटायच्या. कच्च्या पपईच्या चिकानं बोटांची सालं निघालेली. मी तिथे पगारावर कामाला, पुढच्या खोलीत बसून डब्यांना लेबलं चिकटवायचे. लेबलावर वहिनींचाच गोरापान चेहरा आणि खाली 'पपईची किमया'.

किमया कसली डोंबलाची. लग्नाआधी वहिनी एका शाळेत मुलींना धावायला शिकवायच्या. सकाळ-संध्याकाळ मैदानावर, त्यामुळे रंग चांगलाच रापलेला. या घरात आल्या, अंधाऱ्या खोलीत बसल्या आणि वर्षाच्या आत उजळल्या. उन्हातलं माणूस सावलीत आलं की उजळतंच, त्याला पपई कशाला लागते? पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सासूबाईंनी तो सगळा गुण अर्काच्या नावावर जमा केला. त्या लबाड असत्या तर बरं झालं असतं, लबाडाशी भांडता येतं. यांचा मनापासून विश्वास होता.

फोटो छापला आणि वहिनींचं ऊन बंद झालं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं. वहिनी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या तरी सासूबाई छत्री हातात द्यायच्या, वर म्हणायच्या, तुझ्या तोंडावर घर चालतं गं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे बुक्क्यासुद्धा मायेनं मारलेल्या. वहिनींचा नवरा दुकानोदुकानी डब्या खपवायचा. स्वभावानं गरीब, पण आईपुढे तोंडाला कुलूप.

अशात त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. धावण्याची शिक्षिका सोडून गेली होती, वहिनींनी महिनाभर येऊन बघावं, जमलं तर नोकरी कायम. वहिनींनी विचारलं, सासूबाई नाही म्हणाल्या. वहिनींनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र विचारलं नाही, गाळायचं फडकं खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "आई, मला या खोलीत गुदमरतं. मी जाणार."

त्या रात्री मायलेकरांचं काय बोलणं झालं देव जाणे. सकाळी सासूबाईंनी होकार दिला. छत्रीसुद्धा पुढे केली नाही. मी तर तोंडात बोट घातलं.

तो महिना मी विसरणार नाही. वहिनी दुपारी घामाघूम होऊन यायच्या, बुटांची धूळ घरभर, आणि कोणती मुलगी कोणाच्या पुढे गेली ते मला सांगत बसायच्या. नाक, गाल, कपाळ पुन्हा रापलं. एकदा नवरा मैदानावर जाऊन फोटो काढून आला. गळ्यात शिट्टी, केस विस्कटलेले, वहिनी खदखदून हसताहेत. "लग्नानंतर यांनी पहिल्यांदाच माझा फोटो हौसेनं काढला," असं सांगताना वहिनींचा आवाज भरून आला. मलाही त्या भल्या माणसाचं कौतुक वाटलं. जळलं माझं कौतुक.

महिना संपता संपता छापखान्यातून नव्या लेबलांचा गठ्ठा आला. मी सोडला आणि हातच थांबले. आता लेबलावर दोन चेहरे होते. उजवीकडे तोच जुना, गोरापान, खाली 'नंतर'. डावीकडे मैदानावरच्या वहिनी, खाली 'आधी'.

तेवढ्यात वहिनी आल्या. लेबल लपवावं असं मला वाटलं, पण गठ्ठा मांडीएवढा, लपवणार कुठे? त्यांनी एक उचललं आणि उभ्या उभ्या बघत राहिल्या. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुशीत आल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, शाळेत नाही म्हणून कळवलंय, उद्यापासून आत बस, चार-सहा महिन्यांत पुन्हा उजळशील. मग लोकांनी दारात येऊन दोन्ही चेहरे ताडून बघावेत. तुझी हौसही झाली आणि आपलं कामही.

सासूबाईंनी चष्मा सरकवून लेबल जवळ धरलं, डावीकडच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि हळहळत म्हणाल्या, "फक्त एवढं हसायला नको होतंस गं. 'आधी'च्या फोटोत कोणी हसतं का?"