फौजेच्या दिवसाची कबुतरं

ओके-ओसे गावात फासासी पंक्चरवाला ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि फासासीला सैनिकांचं वावडं आहे हे ठाऊक नाही असाही नव्हता. पेट्रोल महागलं, सैनिकांमुळे. पाऊस लांबला, सैनिकांमुळे. थोरल्या मुलीला, सिकिराला, गोवर निघाला होता तेव्हा त्यानं त्याचाही माग काढत काढत तो शेजारगावच्या बराकीपर्यंत नेला होता.

याला कारण होतं. तो बावीस-तेवीस वर्षांचा असताना देशावर फौजेचं राज्य होतं आणि फौजेनं लोकांना शिस्त लावायचं मनावर घेतलं होतं. बससाठी रांग लावायची; रांग मोडली की तिथल्या तिथे शिक्षा. फासासी एका बारशाला निघाला होता. अंगात नवाकोरा झगा आणि विजार, डोक्यावर टोपी. वाऱ्यानं टोपी उडाली. ती उचलायला तो दोन पावलं रांगेबाहेर गेला, आणि मागून कुणीतरी गरजलं, "ए! कान धर!" कान धरून बेडूकउड्या. चार-पाच उड्या झाल्या असतील-नसतील, नवी विजार मागून टर्रकन फाटली. अख्खी रांग हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती अकाऱ्याची, म्हणजे चवळीच्या वड्यांची, टोपली डोक्यावर घेतलेली एक मुलगी. पुढे वर्षभरात फासासीनं तिच्याशीच लग्न केलं, त्यामुळे तो प्रसंग विसरायची काही सोयच उरली नाही.

"त्या शिपायाला आपण लग्नात आहेर द्यायला हवा होता, बाबा सिकिरा," ती अजूनही म्हणायची. "विजार फाटली नसती तर तुम्ही माझ्या नजरेत तरी भरला असता का?"

बदामाच्या झाडाखाली त्याचं पंक्चरचं दुकान, त्याला लागून तिची चूल आणि कढई. दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग होता. त्या ढिगात कधीतरी कबुतरांची एक जोडी येऊन राहिली, जोडीचं गोकुळ झालं, आणि फासासीला गाव 'बाबा एलेयेले' म्हणू लागलं, म्हणजे कबुतरवाले बाबा. माणसांशी वसकन बोलणारा फासासी कबुतरांशी मात्र लेकरांशी बोलावं तसं बोलायचा.

आणि दैवाचा खेळ असा, की या माणसाचा रोजचा सोबती होता एक सैनिक. कॉर्पोरल फाडाहुन्सी. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा ताठ, डोक्यावर रंग उडालेली लष्करी टोपी. पलटणीत तो आचारी होता. गावातले टवाळ म्हणायचे, कॉर्पोरलनं लढाईत बंदुकीपेक्षा पळी जास्त चालवली. त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "उपाशी पलटण पळत सुटते. मग सांगा, लढाई कुणी जिंकली?" रोज सकाळी तो दुकानापुढच्या बाकावर बसून गरम अकारा आणि मक्याची पेज घ्यायचा आणि फासासीच्या शिव्या ऐकून घ्यायचा. फासासीच्या हिशेबी कॉर्पोरल सैनिक नव्हता. तो फक्त कॉर्पोरल होता.

जानेवारीत हरमाटनची, म्हणजे कोरड्या वाळवंटी वाऱ्याची, धूळ उतरली की कॉर्पोरल बाकावर लाल बिल्ल्यांची पेटी मांडायचा. पंधरा तारखेला देशभर फौजेचा स्मरणदिन. त्याआधी हे बिल्ले छातीवर लावायचे. पेटी उघडली की गावाला वाचा फुटायची.

"मी त्यांना रोजच मान देतो की," मोटारसायकलवर उतारू नेणारा ताजू म्हणायचा. "नाक्यावर थांबवतात तेव्हा इतका वाकतो, की हँडल नाकाला लागतं."

खाटीक बिल्ला घ्यायचा आणि छातीऐवजी टेम्पोच्या काचेवर चिकटवायचा. "नाक्यावर बकऱ्या मोजत नाहीत मग."

अल्हाजा रिस्कात काही न बोलता दोन बिल्ले घ्यायची. तिचा भाचा ईशान्येकडे लढाईवर होता.

आणि फासासी ट्यूब पाण्यात बुडवत म्हणायचा, "यांना वेगळा दिवस कशाला हवा? इतकी वर्षं तीनशे पासष्ट दिवस यांचेच तर होते!"

त्या वर्षी पंचायतीत नवा अध्यक्ष आला होता. जुना कसा गेला हे गावाला पाठ होतं. समारंभाच्या शेवटी शांततेची खूण म्हणून पांढरी कबुतरं सोडतात. त्यानं शहरातून विकत आणलेली कबुतरं पंख बांधलेलीच निघाली. त्यानं मोठ्या ऐटीत एक वर फेकलं आणि ते दगडासारखं खाली येऊन बँडच्या ढोलावर आदळलं. धाडकन आवाज झाला, बंदुकांची सलामी सुरू झाली असं समजून दोन पाहुणे खुर्च्यांखाली गेले. पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडला. कागदोपत्री तो मतांनी पडला. गाव म्हणालं, कबुतरानं पाडला.

तेव्हा नव्या अध्यक्षानं धसका घेतला होता. त्याच्या समारंभाची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ओमोटाडे उंच टाचा सावरत टायरांच्या ढिगापाशी आल्या.

"बाबा, आम्हाला चार पांढरी, उडणारी कबुतरं हवीत."

"लग्न आहे का?"

"नाही, फौजेचा दिवस."

"मग उडत नाहीत," फासासी म्हणाला. डोक्यावर त्याचीच कबुतरं घिरट्या घालत होती.

बाई गेल्या. कॉर्पोरलनं पेजेची वाटी खाली ठेवली. "फासासी, दे रे. एका सकाळचा तर प्रश्न आहे. परत येतील घरी."

"माझी कबुतरं भुकेनं मेली तरी चालतील, पण त्या वर्दीवाल्यांसाठी पंख हलवणार नाहीत."

"त्या वर्दीत मीही होतो."

"तू होतास स्वयंपाकघरात!"

ही थट्टा गावानं हजारदा केली होती. फासासीनं मात्र कधी केली नव्हती. कॉर्पोरल उठला, पेटी काखेत मारली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

"घ्या," इया सिकिरा, म्हणजे सिकिराची आई, कढईत झारा आपटत म्हणाली. "माझं सकाळचं पहिलं गिऱ्हाईक घालवलंत. आता तुमच्या शिव्या कोण ऐकणार? मी? मला कामं आहेत."

फासासीलाही करमेना. त्यानं ताजूला सैनिकांबद्दल दोन-चार खमंग गोष्टी ऐकवल्या, पण ताजू प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे, बाबा" म्हणायचा. ज्याला 'बरोबर आहे' म्हणतात ते भांडण कसलं? शेवटी मिसेस ओमोटाडे पुन्हा आल्या तेव्हा त्यानं आपलं नाक वर ठेवून मार्ग काढला.

"देतो. पण एक अट. वर्दीतल्या सैनिकानं माझ्या दुकानापुढे कान धरून दहा बेडूकउड्या मारायच्या. कुठलाही सैनिक चालेल. कर्नल आला तर बसायला स्टूल देईन, उड्या झाल्यावर."

बाईंनी कपाळाला हात लावला. अट दुपारपर्यंत बाजारभर झाली आणि संध्याकाळी कॉर्पोरलच्या दारात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरायच्या वेळेला कॉर्पोरल फाडाहुन्सी रस्त्याच्या मधोमध चालत आला. इस्त्रीची वर्दी, छातीवर पदकं, बुटांना चकाकी. दुकानापुढे येऊन त्यानं टाच आपटली.

"वर्दीतला सैनिक. कुठलाही चालेल असं म्हणालास. मोज."

"वेडा झालास का?" फासासीच्या हातातून पंप पडला. "तुझा गुडघा..."

"गुडघा फौजेचा आहे, तुझा नाही. मोज!"

आणि त्यानं कान धरले. टोमॅटोवाल्या, खाटीक, ताजू, सगळे गोळा झाले. पहिली उडी उडीसारखी झाली. दुसरीला फक्त टोपी उडाली. तिसरीला कॉर्पोरल खाली बसला तो बसलाच; वर येईना. चेहरा ताठ, नजर समोर, आणि खाली हाडं अडकलेली. कुणी हसलं नाही. एक टोमॅटोवाली म्हणाली, "शी! लाज नाही वाटत म्हाताऱ्याला असं करायला लावताना?"

"मी कुठे लावलं!" फासासी ओरडला. "बस झालं! ऊठ, दहा झाल्या!"

"तीन झाल्या," खालून कॉर्पोरल म्हणाला. "फौजेत खोटी मोजणी चालत नाही."

फासासीनं धावत जाऊन त्याच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. तो कॉर्पोरलच्या गुडघ्याचा नव्हता, फासासीच्या कमरेचा होता. दोघंही धुळीत आडवे झाले. आता मात्र बाजारानं मन मोकळं करून हसून घेतलं, आणि इया सिकिरा तर चुलीला टेकून डोळे पुसत होती. खाटकानं आणि ताजूनं दोघांना उचलून बाकावर ठेवलं आणि एकाच बाटलीतलं तेल दोघांना चोळलं.

"देतो कबुतरं," फासासी कण्हत म्हणाला. "आणि ते... स्वयंपाकघराचं... बोलायला नको होतं मी."

"अकारा गार झाला असेल," कॉर्पोरल म्हणाला. मिटलं.

पंधरा तारखेला मैदानावर मांडव पडला. फासासीकडे शुभ्र कबुतरं तीनच होती. चौथं राखाडी होतं, त्याला इया सिकिरानं पावडर लावून पांढरं केलं होतं. पिंजरा पोचता करून फासासी दोरीबाहेर, गर्दीत उभा राहिला. पुष्पचक्रं वाहिली गेली. मग गावातल्या शहिदांची नावं वाचली. बरीच जुनी होती, एक मात्र नवं होतं. नोव्हेंबरात ईशान्येत गेलेला एक सार्जंट. त्याची बायको आडुनी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर हात, चेहरा लाकडाचा. प्रत्येक जुन्या नावाला कॉर्पोरलचे ओठ हलत होते. फासासीनं नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाव ऐकलं, की कोण दोनदा वाढून घ्यायचा ते आठवतं."

मग बंदुकांची सलामी झाली. आणि मग अध्यक्षानं झगा सावरत पिंजऱ्याचं दार उघडलं.

कबुतरं बाहेर येईनात. आवाजानं घाबरून ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. अध्यक्षानं "शू" केलं. मिसेस ओमोटाडेंनी "हुश्श" केलं. बँडवाल्यानं खबरदारी म्हणून ढोल बाजूला सरकवला. गर्दीत खसखस पिकली. अध्यक्षाच्या कपाळावर पुढची निवडणूक घामासारखी दाटून आली.

फासासीला राहवेना. आपली पाखरं भेदरली आहेत एवढंच त्याला दिसलं. दोरीखालून वाकून तो आत शिरला, आणि समोर एक रायफलवाला जवान आडवा आला.

"थांबा! मागे व्हा!"

फासासीला काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गुडघे आपोआप वाकले. हात कानांकडे गेले. चाळीस वर्षं शिव्या देऊन ज्या शिपायाला त्यानं खाली दाबून ठेवलं होतं, तो त्याच्याच पायांत उभा राहिला.

जवान उत्तरेकडचा, कोवळा पोर, बुलुस नावाचा. इथली भाषा त्याला जेमतेम यायची. तो गोंधळून खाली वाकला. "बाबा, काय पडला तुमचा?"

"टोपी," फासासीच्या तोंडून निघून गेलं.

बुलुसनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, रायफल पाठीवर टाकून गवतही चाचपलं. मग वर बघून म्हणाला, "टोपी डोक्यावर आहे, बाबा." आणि दंडाला धरून त्यानं फासासीला हलकेच उभं केलं, झग्याची धूळ झटकली. "तुमचा कबुतर आहे? मग जा की. लवकर जा. साहेब रडेल आता."

फासासी गेला. पिंजऱ्यात हात घालून त्यानं एकेक पाखरू छातीशी घेतलं, काहीतरी पुटपुटला आणि सोडलं. एक, दोन, तीन. पांढरी पाखरं मांडवावरून वर गेली, आणि गर्दीतून 'हो' असा मोठा आवाज उठला. चौथं, पावडरवालं, हातातून उतरून लाल गालिच्यावर चालू लागलं. मानवंदनेच्या रांगेपुढून, मान पुढे-मागे करत, एकेका जवानाकडे बघत, पावडरीचा बारीक ढग मागे सोडत ते निघालं. एकाही जवानानं पापणी हलवली नाही, पण एकाचा हनुवटीखालचा पट्टा थरथरत होता.

पहिला हसण्याचा आवाज आला तो आडुनीचा. तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू फुटलंच, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग कुणालाच आवरलं नाही.

"माझा नवरा अस्साच चालायचा," ती जवळ आलेल्या फासासीला म्हणाली. "रजेवर आला की अख्ख्या गल्लीची तपासणी करायचा."

सैनिकाच्या बायकोशी फासासी आयुष्यात कधी बोलला नव्हता. "पाखरू हवं असेल तर घेऊन जा, बाई," तो म्हणाला. "तुमचंच समजा."

पाखराला मात्र कुणाचंच व्हायचं नव्हतं. तपासणी संपवून ते उडालं आणि थेट झेंड्याच्या काठीवर जाऊन बसलं. संध्याकाळी झेंडा उतरवला तरी ते उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीचा कारकून पाखरू उतरवायला सांगायला दुकानात आला, तेव्हा फासासी आणि कॉर्पोरल बाकावर भांडत होते.

"एक दिवस द्यायला माझी हरकत नाही," फासासी म्हणत होता. "पण ज्यांना यांनी कान धरायला लावले, त्यांचाही एक दिवस हवा."

"असू दे ना. त्या दिवशी काय सोडशील? बेडूक?"

कारकुनाचं ऐकून दोघं खिशात मका भरून मैदानावर गेले. एकजण कमरेवर हात ठेवून, दुसरा लंगडत. कबुतर खाली आलं, पण फासासीच्या हातावर नाही. ते कॉर्पोरलच्या टोपीवर बसलं, आणि बसल्या जागी जे करायचं ते करून मोकळं झालं. कॉर्पोरल हलला नाही. पदक लावताना उभं राहावं तसा ताठ उभा होता.

इया सिकिरानं ती टोपी साबणानं धुतली आणि दुकानापुढच्या दोरीवर, ट्यूबांच्या मध्ये, वाळत घातली. दुपारी एक परगावचा ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला. टोपीकडे बघून त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही फौजेत होता वाटतं?"

बाकावर कॉर्पोरलनं पेजेची वाटी तोंडाशी नेता नेता थांबवली.

"मी? छे," फासासी म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघू लागला. "पण आमचा एक माणूस होता तिथं."