सावलीतला रंगारी

माझा थोरला भाऊ रंगारी. लोखंडी फाटकं आणि गज रंगवण्यात त्याचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. त्याचा धर्म एकच, ओल्या रंगावर ऊन पडू द्यायचं नाही. ऊन पडलं की रंगाला फोड येतात. त्यामुळे सकाळी भिंतीच्या या अंगाला, दुपारी त्या अंगाला, असा जन्मभर सावलीच्या मागे फिरला.

हल्ली त्याला दम लागतो. चार पायऱ्या चढला की छातीचा भाता होतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत समजावलं होतं, "वारा पडलेला असतो, ऊन कडक असतं, तेव्हा गाड्यांचा धूर आणि थिनरची वाफ उन्हात शिजून ओझोन होतो. डोळ्यांना दिसत नाही, फडक्यानं अडत नाही. अशा दिवशी दुपारी घरात बसा, आणि तेलाच्या रंगाचा डबा उघडूच नका."

"पण मी उन्हात असतोच कुठे? सावलीत काम करतो."

"काका, सावलीतही हवा तीच असते."

बाहेर आल्यावर मला म्हणतो, "ओझोन चांगला ना गं? वर आभाळात असतो, आपल्याला जपतो."

"छप्पर डोक्यावर असतं तोवर चांगलं, दादा. अंगावर कोसळलं तर?"

हसला. पालथ्या घड्यावर पाणी.

मी बालवाडीत मदतनीस आहे. मोबाइलवर ओझोनचा इशारा आला की दुपारचं मैदान बंद, हा आमच्याकडचा नियम. आणि बालवाडीच्या फाटकाचं काम नेमकं दादाकडे. मंगळवारी सकाळीच इशारा आला. मी फोन करून सांगितलं, "आज येऊ नकोस."

"बरं," म्हणाला.

त्याच्या 'बरं'चा अर्थ वहिनीला विचारा. सबंध संसार तिनं त्या 'बरं'वर काढलाय.

दुपारी मुलं आत घेतली, खिडक्या लावल्या. काचेतून बघते तर स्वारी शिडीवर! तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, वर कमानीला ब्रश चाललेला, खाली थिनरचा डबा आ वासून उघडा. आभाळ मात्र कसं निळंशार, जसं काही पाप त्याला ठाऊकच नाही.

आमच्याकडे एक वकिलीणबाई आहे, वय वर्षं पाच. तिनं मला धरलंच. "आपण बाहेर जायचं नाही ना? मग ते काका का गेले?"

"ते माझे दादा आहेत."

"मग तुमचं ऐकत नाहीत?"

काय सांगू, कपाळ! तरातरा बाहेर गेले. "उतर खाली!"

"एवढी कमान झाली की..." पुढचं वाक्य खोकल्यानं खाल्लं. हातातला ब्रश खाली पडला. दादानं दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि त्याला ना वर जाता येईना, ना खाली.

मी शिडीला पाठ लावली. देवाचं नाव घेत होते, तरी तोंड थांबेना. "रंगाला फोड येऊ नयेत म्हणून एवढी राखण! तुझ्या छातीला रंगाएवढीही किंमत नाही का रे?"

उत्तर द्यायला श्वास कुठे होता? एक पायरी उतरला, थांबला. मग दुसरी. जमिनीला पाय लागल्यावर पहिला शब्द काय, तर "झाकण लाव."

आत येऊन खिशातला श्वासाचा पंप ओढला आणि बालवाडीच्या इवल्या खुर्चीत बसला, गुडघे कानाशी. जरा श्वास जागेवर आल्यावर पुटपुटला, "मी सावलीतच होतो."

वकिलीणबाई समोर उभीच. "आम्हीपण झाडाखालीच खेळतो. तरी नाही जायचं."

आमच्या आईनंतर त्याला गप्प करणारी ही पहिलीच.

तेव्हापासून फाटकाचं एक दार हिरवं आहे, दुसरं गंजलेलं. पालक मलाच विचारतात, रंगारी पळाला का? काल पुन्हा इशारा आला. मी त्याला फोन केला.

"बरं," म्हणाला.

लगेच वहिनीला लावला.

"घरीच आहे," वहिनी म्हणाली. "खिडकीशी बसून आभाळाला शिव्या घालतोय."

देवापुढे हात जोडले. मग परत राग आला. हे आधी नसतं का जमलं?